आमच्या अंगणातलं कारंजं : एक रसग्रहण

परीक्षण लिहिणाऱ्याला त्या विषयातलं काही कळलंच पाहिजे, अशी अट मराठीत कधीच नव्हती. त्या भरवशावर, मी साधा बी.कॉम. आणि बँकेत लिपिक असूनही, आज एका कारंज्याचं परीक्षण करायला बसलो आहे. हे कारंजं उन्हावर चालतं, पक्ष्यांच्या आंघोळीच्या पाण्यात ठेवायचं असतं आणि ते 'वेदरप्रूफ' असल्याचं त्याच्या खोक्यावर चार ठिकाणी छापलेलं आहे. एकच गोष्ट चार ठिकाणी छापली असेल तर तिच्याकडे जरा निरखून पाहावं, हे बँकेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी पाहिलं नाही. त्याला कारण नाना.

नाना म्हणजे आमचे तीर्थरूप. वय एकोणऐंशी. ट्रॉम्ब्यातल्या एका कारखान्याच्या पंपहाउसात त्यांनी छत्तीस वर्षं पंप चालवले. नातवंडांना हाक मारताना त्यांची अधूनमधून गफलत होते. पंपांचे नंबर मात्र अजून बिनचूक पाठ आहेत. आमचं घर तळमजल्यावर, आणि मागच्या दाराला एक अंगण. (अंगण हा शब्द कर्जाच्या अर्जात 'मालमत्ता' हा शब्द जितक्या उदारपणे वापरतात, तितक्याच उदारपणे घ्यावा.) त्यात एक तुळस, एक अनंत, एक कढीपत्ता आणि सोसायटीच्या आंब्याची फुकट मिळणारी सावली. अनंताजवळ एक कुंडी उपडी घातलेली आणि तिच्यावर मातीचं परळ. आई गेल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षं, त्या परळात दिवसातून तीनदा पाणी भरणं ही नानांची ड्यूटी. 'ड्यूटी' हा शब्द त्यांचाच.

आता कुणी म्हणेल, ट्रॉम्ब्यासारख्या ठिकाणी पाखरांना पाण्याचा काय तोटा? हे मूळचं बेटच. जवळच ठाण्याची खाडी. तिथे दरवर्षी रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवेच्या थवे उतरतात. त्यांच्यासाठी 2015 साली सरकारनं खाडीत अभयारण्य जाहीर केलं आणि 2022 साली ते रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीतही गेलं. पण ते पाणी खारं. रोहिताचा कारभार मोठ्या खातेदारांसारखा, त्याला सगळं चालतं. आमचे बुलबुल, दयाळ, शिंपी आणि चिमण्या ही बचत खात्याची माणसं. एप्रिलच्या दुपारी त्यांना गोडं पाणी लागतं आणि तेही वाटीभरच.

तर या एप्रिलात नाना बादली घेऊन मागची पायरी उतरताना घसरले. मनगटावर निभावलं. पण त्या रात्री आमच्या घरात जी बैठक झाली तीत एकमतानं ठराव पास झाला की, नानांनी यापुढे बादली उचलायची नाही. बैठकीला नाना हजर होते. ते काही बोलले नाहीत. पंपहाउसात वरिष्ठांचा हुकूम आला की ते असेच गप्प बसत असणार.

मग परळ भरायचं काम माझ्याकडे आलं. मी सकाळी लोकल गाठायच्या घाईत भरून जायचा आणि रात्री आठला घरी यायचा. एप्रिलातलं ऊन आणि कावळे या दोघांच्या मिळून बारा वाजेपर्यंत परळाचा तळ दिसू लागे. सौ. नोकरीवर, चिरंजीव क्लासला. घरात नाना एकटे, खिडकीत खुर्ची टाकून. एका सुट्टीच्या दुपारी मी स्वतः पाहिलं : एक बुलबुल परळाच्या काठावर आला, त्यानं आत डोकावलं आणि मग मान वाकडी करून खिडकीकडे पाहिलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रात पाहिलं. वर्तमानपत्रात सोलर कारंज्याची जाहिरात होती!

'विजेचा खर्च नाही. देखभाल नाही. पाणी अखंड खेळतं राहील.' मला तो शब्द पुरेसा होता. अखंड! म्हणजे आता कुणी पाणी भरायला नको. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला यात काही खटकलं नाही, ही गोष्ट मी प्रांजळपणे कबूल करतो.

वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक राहतात, मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या कानावर घातल्यावर त्यांनी आनंदानं डोळे मिटले. म्हणाले, "अहो, हा तर जुनाच वाद! फडके म्हणत कलेसाठी कला, खांडेकर म्हणत जीवनासाठी कला. कारंज्याचंही तेच. आधी ठरवा, तुम्हांला कुठल्या पंथाचं कारंजं हवं?"

मला वाटलं, हे पेन्शन घेणाऱ्या माणसाचं बोलणं. पण रात्री पडल्या पडल्या विचार केला तेव्हा लक्षात आलं, की मुंबईत या दोन्ही पंथांची कारंजी गेली दीडशे वर्षं उभी आहेत. फडके पंथाचं कारंजं म्हणजे फ्लोरा फाउंटन. 1864 सालचं. वर रोमन पुष्पदेवता, खाली नक्षी. देखणं आहे यात शंकाच नाही. पण तहानलेल्या माणसानं तिथे ओंजळ धरावी अशी काही त्याची रचना नाही. आणि खांडेकर पंथाची म्हणजे आपल्या पाणपोया, बंबईच्या बोलीतले प्याऊ. 1860 साली विहार तलावाचं पाणी नळानं शहरात आलं आणि मग शेटजींनी आपापल्या नावानं प्याऊ बांधायला सुरुवात केली. एकट्या सर कावसजी जहांगीर रेडिमनींनी चाळीस पाणपोयांना पैसा दिला. मशीद बंदरच्या भातबाजारात केशवजी नाईकांचा 1876 सालचा प्याऊ आजही पाहायला मिळतो. यांतल्या बऱ्याच प्याऊंना माणसांसाठी नळ, खाली जनावरांसाठी हौद आणि काहींना तर वर पाखरांसाठी वाट्यासुद्धा कोरलेल्या होत्या. म्हणजे पक्ष्यांचं स्नानपात्र ही कुठल्या तरी साहेबाच्या बागेतली चैन आहे असं मानायचं कारण नाही. बैलाचा, हमालाचा आणि चिमणीचा विचार एकाच दगडात करणारं शहर होतं हे!

दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांना सांगितलं, "खांडेकर." ते म्हणाले, "मग जाहिरातीतला फोटो पाहू नका."

मी पाहिला. फोटोत पाण्याचा फवारा माणसाच्या कमरेपर्यंत उडत होता आणि एक परदेशी तांबडा पक्षी त्याखाली भिजत हसत होता. पक्षी हसताना मी तोवर पाहिलेला नव्हता.

बाजारात कारंज्यांचे तीन वाङ्मयप्रकार आहेत, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. पहिला प्रकार चारोळीचा : हातावर मावेल एवढी काळी चकती. वर पट्टी, पोटात पंप. पाण्यावर सोडली की तरंगते आणि ऊन पडताक्षणी उडायला लागते. दुसरा प्रकार कादंबरीचा : पंप वेगळा, सोलर पट्टी वेगळी आणि मध्ये दोन-तीन मीटर वायर. मांडणीला वेळ लागतो, पात्रं लांब लांब राहतात, पण कथानकाला बळकटी असते. तिसरा प्रकार संगीत नाटकाचा : आत बॅटरी, रंगीत दिवे, रात्रीचा प्रयोग. रात्री पक्षी झोपतात ही गोष्ट नाटककारानं विचारात घेतलेली नाही. सर्वांत स्वस्त चारोळी. सातशे एकोणपन्नास रुपये. मी चारोळी मागवली.

पार्सल पहिल्यांदा गेलं ते वाशीच्या पलीकडे. आमच्या गावाचं जुनं मराठी नाव तुर्भे आणि खाडीपलीकडे नव्या मुंबईत दुसरं तुर्भे बसलेलं आहे. ट्रॉम्बे आणि तुर्भे यांतला फरक सांगताना आमच्या दोन पिढ्या गेल्या. त्या पोराला फोनवर समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. तो शेवटी आला आणि पाणी मागून प्याला. आमच्या कारंज्यावर आलेलं पहिलं पाखरू तेच.

खोकं उघडलं आणि माझ्यातला बँकवाला जागा झाला. खोक्यावर लिहिलं होतं 'पाच वॅट'. आता हिशेब असा : चकतीचा व्यास सोळा सेंटिमीटर, पण तिच्यावरची काळी चौकट भरते दहा बाय दहा. डोक्यावरचं कडक ऊन एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट पडतं. म्हणजे चौकटीच्या वाट्याला 10 वॅट. चांगली पट्टी त्यातला फार तर पाचवा हिस्सा विजेत बदलते. झाले 2 वॅट! उरलेले तीन वॅट कुठून आणणार? हा सरळसरळ ओव्हरड्राफ्ट होता, तोही तारण न ठेवता.

2 वॅट हा आकडा नानांना सांगितला तेव्हा ते पहिल्यांदाच हसले. साहजिक आहे. ज्या ट्रॉम्ब्यात टाटांचा 500 मेगावॅटचा संच 1984 साली सुरू झाला, तिथे हा आकडा म्हणजे विनोदच. त्या एका संचावर आमच्यासारखी पंचवीस कोटी कारंजी चालली असती. आणि पाण्यात यंत्र बुडवून ठेवायची विद्या आमच्या गावाला काही नवी नाही. नाना दहा वर्षांचे होते तेव्हा, 4 ऑगस्ट 1956 रोजी, इथली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, तीही पोहण्याच्या तलावासारख्या पाण्यात ठेवलेली. नाव पंडित नेहरूंनी दिलं. तिची नवी आवृत्ती 10 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झाली. अशा पाण्यात वाढलेल्या गावात मी सातशे एकोणपन्नास रुपयांचं जलयंत्र घेऊन आलो होतो.

खोक्यावरची दुसरी नोंद : 'आय.पी. 68.' मला आधी ती पोस्टल ऑर्डर वाटली. चौकशी केली तेव्हा कळलं, की हे धूळ आणि पाणी आत शिरू नये याचं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पहिला आकडा धुळीचा. 6 म्हणजे धूळ अजिबात आत नाही. दुसरा पाण्याचा; 5 म्हणजे पाण्याचा झोत अंगावर घेईल, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास काढील आणि 8 म्हणजे त्याहून जास्त. पण किती खोल आणि किती वेळ, हे 8 लिहिणाऱ्या कारखानदारानं स्वतः सांगायचं असतं. आमच्या खोक्यावर ते नव्हतं. रक्कम भरलेली पण तारीख न घातलेला चेक! शिवाय या आकड्यांत उन्हानं प्लास्टिक तडकण्याची हमी नाही आणि खाडीच्या खाऱ्या हवेनं तारा गंजण्याचीही नाही. ट्रॉम्ब्यात या दोन्ही गोष्टी घरटी आहेत.

असो. रविवारी सकाळी दहा वाजता पहिला प्रयोग झाला. मी, सौ., चिरंजीव, प्राध्यापक आणि खिडकीत नाना. परळ आंब्याच्या सावलीतून उचलून उन्हात ठेवलं, कारण चकतीला ऊन हवं. चकती पाण्यावर सोडली. दोन सेकंद शांतता. आणि एकदम थुई थुई थुई! सौ.नं टाळ्या वाजवल्या. फवारा चांगला दीड फूट उडाला. परळाची रुंदी एक फूट. उडालेलं पाणी कुठे पडत असेल याचा हिशेब वाचकांनी करावा. चकती तरंगत तरंगत काठाला गेली, तिथून तिनं अनंताला, तुळशीला आणि प्राध्यापकांच्या धोतराला यथेच्छ स्नान घातलं आणि सात मिनिटांत परळ कोरडं केलं. मग आतून घर्र घर्र असा आवाज यायला लागला.

"बंद करा!" खिडकीतून आवाज आला. असा आवाज मी नानांच्या तोंडून कैक वर्षांत ऐकला नव्हता. "पंप ड्राय चालतोय! जळेल! आधी पाणी घाल!"

मी पाणी घातलं. नाना काठी टेकत दारापर्यंत आले आणि पायरीवर बसले. "तुला काय वाटलं," ते म्हणाले, "हा पाणी आणतो?"

मी गप्प.

"अरे, हा आहे तेच पाणी फिरवतो. आणायला नळ लागतो, नाहीतर माणूस लागतो. उलट उडवल्यामुळे ह्याला पाणी जास्त लागणार. वाऱ्यानं जाणार, उन्हानं जाणार. आधी तीन वेळा भरत होतो, आता पाच वेळा भरावं लागेल."

वाचकहो, ज्या कामातून वडिलांना मुक्त करायचं म्हणून मी सातशे एकोणपन्नास रुपये खर्च केले, ते काम मी सहासष्ट टक्क्यांनी वाढवून ठेवलं होतं.

पुढचे तीन दिवस एकही पक्षी आला नाही. चौथ्या दिवशी एक कावळा आला. कावळा हा जन्मजात समीक्षक. तो थेट चकतीवर बसला. पट्टीवर सावली पडली, कारंजं बंद पडलं. तो उडाला, कारंजं सुरू झालं. तो दचकून परत आला, बसला, बंद. हा प्रयोग त्यानं सहा वेळा करून पाहिला आणि मग कोळीवाड्यातून आणलेलं बोंबलाचं डोकं पाण्यात भिजत घालून निघून गेला. संध्याकाळी पंपाच्या जाळीत ते डोकं निघालं.

इथून पुढे या कलाकृतीचं संपादन नानांनी हातात घेतलं. संपादन म्हणजे काटछाट, हे प्राध्यापक नेहमी सांगतात. नानांनी पहिल्यांदा फवाऱ्याची तोटी काढून टाकली. खोक्यात सात तोट्या होत्या, कमळ, छत्री, तुरा वगैरे. सगळ्या डब्यात गेल्या. नुसत्या नळीतून पाणी चार बोटं वर येऊन ओघळायला लागलं. "फवारा परळाच्या काठापर्यंतच्या अंतराहून उंच नको," नाना म्हणाले. "नाहीतर पाणी बाहेर. आमच्या कूलिंग टॉवरलाही हाच नियम होता." मग त्यांनी मला धारावीच्या कुंभारवाड्यात पाठवलं आणि दीड फुटी, पसरट, खरखरीत तळाचं परळ आणवलं. पाखरू दोन बोटं पाण्यात आंघोळ करतं आणि पंपाला चार बोटं लागतं, हा या दोघांतला मूळ झगडा. तो त्यांनी दगड मांडून सोडवला : मधोमध खोल, तिथे दगडांत अडकवलेली चकती, काठाला उथळ, तिथे पाखरांचा घाट. चकती काठाला जायची थांबली. पाणी बाहेर जायचं थांबलं.

तरी पक्षी येईनात. नानांनी दुपारी दोन वाजता मला पाण्यात बोट घालायला लावलं. चहाला ठेवल्यासारखं पाणी! चकतीला ऊन हवं आणि पाखराला सावली हवी. आणि चारोळीत दोघांना एकाच ओळीत बसवलेलं. मला तेव्हा कादंबरीचं महत्त्व कळलं. पंप आणि परळ आंब्याखाली, पट्टी कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात, तोंड दक्षिणेला. पण पुन्हा पैसे खर्च करायची माझी छाती होईना, म्हणून तेवढा उन्हाळा आम्ही तडजोड केली : परळ अर्धं झावळीखाली, चकती अर्ध्या उन्हात.

आणि मग एके सकाळी बुलबुल आला. थुई थुईला नव्हे. ढग आला होता, कारंजं मरगळलं होतं आणि नळीतून पाणी नुसतं टीप टीप करत होतं. त्या टीप टीप आवाजाला तो आला. काठावर बसला, एक घोट घेतला, मान वर केली आणि मग पाण्यात उतरून अशी काही आंघोळ केली, की पंचवीस कोटींचा हिशेब मी विसरलो. दयाळ आला. शिंजीर आला, तो पाण्यात उतरेना, अनंताच्या भिजलेल्या पानावर लोळून गेला. पाखरांना उंच फवारा नको असतो, हलतं पाणी हवं असतं. त्याचा थेंब वाजला की त्यांना कळतं, इथे आहे.

हलत्या पाण्याचा आणखी एक गुण आहे. मच्छर अंडी घालायला निवांत पाणी शोधतो. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. फवारणीवाल्या माणसानं आमच्या परळात बॅटरी मारून पाहिली, तेव्हा त्यानं सांगितलं, "फिरतं ठेवा ते ठीक. पण कारंजं रात्री बंद असतं ना? मग दोन दिवसांआड ओतून घासायलाच पाहिजे." म्हणजे पुन्हा माणूस लागलाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाना म्हणाले, "आता हे आत घ्या." मी म्हणालो, "नाना, वेदरप्रूफ आहे." ते वर आकाशाकडे पाहायला लागले. मी ऐकलं नाही. ज्या शहरात 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तिथल्या 'वेदर'बद्दल खोक्यावाल्याला काय ठाऊक असणार, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. जुलैत पट्टीच्या काचेखाली पाणी शिरलं. ऑगस्टात ती पिवळी पडली. गोपाळकाल्याच्या दिवशी ढगातून ऊन आलं, तेव्हा आमची चारोळी हलली नाही. नानांनी ती उलटी करून बघितली आणि एका बाजूला सुटलेलं सील मला दाखवलं. "पावसाळ्यात कारंजं कशाला?" ते एवढंच म्हणाले. "पाखरं काय नळाखाली बसलीत?"

दिवाळीच्या आधी मी दुसरं घेतलं. वायरवालं. दीड हजाराच्या आत. या खेपेला फोटो पाहिला नाही. पट्टी वेगळी आहे का, वायर पुरेशी लांब आहे का, जाळी काढून धुता येते का, पाणी संपलं तर पंप आपोआप थांबतो का आणि मोडला तर नुसता पंप सुटा मिळतो का, एवढंच विचारलं. शेवटचा प्रश्न नानांचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्ही लाइनमधले दिसता." मी म्हणालो, "वडील."

मागच्या पायरीला आता लोखंडी कठडा आहे आणि खाली खडबडीत लादी. बादली नानांना अजूनही वर्ज्य. पण दाराशी पिंप आहे आणि त्यात लोटा आहे. ठरावात लोट्याचा उल्लेख नव्हता, असं नानांचं म्हणणं. इतिवृत्त लिहिणारा मीच असल्यामुळे मला ते मान्य करावं लागलं. दिवसातून पाच वेळा, एका वेळी तीन लोटे.

तेव्हा माझं परीक्षण असं. कारंजं म्हणून ही कृती बरी आहे. 'वेदरप्रूफ' हे विशेषण अलंकार म्हणून घ्यावं. 'देखभाल नाही' हे विधान वास्तवाला सोडून आहे, आणि तसं ते आहे हेच या कृतीचं बलस्थान आहे. मी ते विकत घेतलं होतं माणूस लागू नये म्हणून.

आमच्या बँकेत नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर रांगेत उभे राहतात आणि मी न वाचताच शिक्के मारतो. परवा नानांचा दाखला करायचा म्हणून त्यांच्या टेबलावर कागद शोधत होतो, तर आमच्याच बँकेची डायरी सापडली. दरवर्षी मी ती आणतो आणि कुणी तीत काही लिहीत नाही. या वर्षीची एप्रिलपासून पुढे भरलेली होती. पंपहाउसाच्या लॉगबुकासारख्या रेघा मारून. मी तिथेच उभ्या उभ्या वाचत बसलो. शेवटचं पान त्याच दिवसाचं होतं :

"6.20 पाणी भरले. ऊन नाही, पंप बंद. 6.35 बुलबुल 2. 6.50 चिमण्या 7, दयाळ 1. 9.10 पंप चालू. 11.40 ढग, बंद. 11.55 चालू. 1.00 पाणी कमी, 3 लोटे. 2.30 कावळा, पाव. जाळी साफ केली. 4.15 पाणी ओतून घासले. 5.40 बुलबुल 2 (तेच). शेरा : सर्व ठीक."

खाली सही होती.